मेणाखालचा तिसरा अर्थ

मी शब्दकोश बोलतोय. इंग्रजी-इटालियन, पानं अकराशे चार, वजन दोन किलोला जरासं कमी. पाठ उखडलीये, कोपरे झिजलेत. 'एक्स'चं पान उंदरांनी खाल्लं त्याला वीस वर्षं झाली, पण ते नाही म्हणून आजवर कुणाचं अडलेलं नाही. उंदरांनासुद्धा तेवढी समज असते.

कोश म्हणजे रूक्ष, आंबट तोंडाचा प्राणी, असं तुमच्या मनात असेल तर माझी हकीकत ऐकून घ्या. माझ्याइतकी चैन फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आली असेल.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी भलताच गर्विष्ठ होतो. जगातला प्रत्येक शब्द माझ्या पोटात, मग मला शिकवणार कोण? त्याच तोऱ्यात मी इटलीतल्या कास्तेलफिदार्दोला आलो. हे गाव अकॉर्डियनचं. इथे कुठल्याही गल्लीत शिरा, कुठल्या तरी खिडकीतून कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत असतं. एका भाते बनवणाऱ्या कारागिराने मला आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी, ओंदिनासाठी, विकत घेतलं. "माझी पोरगी परदेशातल्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहिणार," असं तो दुकानदाराला छाती फुगवून सांगत होता.

पोरीने घरी नेल्या नेल्या माझ्यात पहिल्यांदा काय शोधलं असेल? शिव्या. तिला नावं ठेवू नका. चांगल्या घरचं लेकरूही कोश हाती आला की आधी शिव्याच शोधतं आणि मग दार नीट लागलंय ना ते बघतं. माझ्या त्या पानांच्या कडा सगळ्यांत आधी काळ्या पडल्या.

पंधराव्या वर्षी ओंदिनाने शाळा सोडली. बापाला वाईट वाटलं, पण फार काळ नाही, कारण पोरीचा कान विलक्षण निघाला. अकॉर्डियनच्या पोटात पितळेच्या आणि पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना आमच्या गावात 'आवाज' म्हणतात. पट्टी टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. किती खरवडायचं, हे ओंदिनाला कळायचं. ती सूर लावणारी झाली आणि मी तिच्याबरोबर कारखान्यात आलो.

कशासाठी? वजन म्हणून! भात्याच्या घड्यांना सरस लावला की त्यावर ठेवायला जड, सपाट काहीतरी लागतं. माझ्यापेक्षा जड आणि सपाट तिथे कुणी नव्हतं. सगळ्या इंग्रजी भाषेला पोटात घेऊन मी पुठ्ठ्यावर बसून राहायचो. पहिली काही वर्षं मी रुसलो, मग सवय झाली. ओंदिनाचं लग्न तिथल्याच तार्चिझिओशी झालं. तो पट्ट्या मेणात बसवायचा. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून बारीक धार सोडायची, हे त्याचं काम. एकदा कुठल्या तरी कागदावर 'सिग्नेचर' असं छापलेलं होतं, त्याचा अर्थ बघायला त्याने मला उघडलं. एका हातात मी, दुसऱ्या हातात मेणाची पळी. टपकन एक थेंब माझ्या पानावर पडला. त्याने "अरेच्चा!" म्हणून मला मिटलं आणि पुन्हा भात्यावर ठेवलं. तो थेंब तिथेच घट्ट झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं पुढचं आयुष्य त्या थेंबावर अडलं होतं.

तार्चिझिओ गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. चांगला माणूस होता, शिट्टी वाजवत काम करायचा. तो गेल्यावर ओंदिनाने घराच्या तळमजल्यावर स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान मांडलं. दुपारचं जेवण घेऊन तिची थोरली नणंद पाल्मिरा यायची आणि संध्याकाळपर्यंत बोलत बसायची. ओंदिना ऐकायची की नाही, मला शंका आहे. तिचे कान सुरांत असायचे.

गेल्या मे महिन्यात दुकानाच्या दारात एक उंच, थोडा वाकलेला इंग्रज येऊन उभा राहिला. पाठीवर अकॉर्डियनची पेटी. एडविन रॉब्सन, इंग्लंडच्या उत्तर टोकाला राहणारा निवृत्त पोस्टमास्तर. गावातल्या नाचांना तो हे अकॉर्डियन वाजवायचा. बायको गेल्यापासून सहा वर्षं पेटी उघडली नव्हती, आणि उघडली तेव्हा आतून फक्त धाप ऐकू आली. पेटीवर आमच्या गावाचं नाव कोरलेलं, म्हणून तो पेटी घेऊन थेट आला.

आधी ओंदिनाने मोबाइल पुढे केला. मोबाइलवर बोललं की तो भाषांतर करतो म्हणे. ती आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, "पट्ट्या गंजल्यात, काढून साफ कराव्या लागतील." मोबाइलने खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "तुमचे आवाज गंजलेत. मी ते काढून टाकीन."

एडविनने घसा खाकरला. "गंजलाय खरा," तो म्हणाला, "पण एवढ्यातेवढ्यावरून काढून टाकू नका हो."

ओंदिनाने मोबाइल ड्रॉवरमध्ये कोंबला आणि भात्यावरून मला उचललं. फुंकर मारली. अठ्ठेचाळीस वर्षांनी कुणी मला वाचायला उघडत होतं! मला शिंक येण्यासारखी झाली.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. एरवी सहा लागले असते, हे मी तुम्हाला म्हणून सांगतो. एडविन सकाळी यायचा, स्टुलावर बसायचा, हवं ते अवजार हातात द्यायचा. दुपारी पाल्मिरा जेवण मांडायची आणि ब्रेड एकीकडे, वाइन दुसरीकडे, मधे मी. माझ्या पानांत तेलाचे डाग पडले, टोमॅटोचा रस पडला. काय सांगू, कोशाला याहून मोठा मान नाही.

भिंतीवर ओंदिनाच्या वडिलांचा फोटो आहे. तिसऱ्या दिवशी एडविनने विचारलं, हे कोण. ओंदिनाने माझ्यातून शब्द गोळा केले आणि ठासून सांगितलं, "माझे बाबा. नाक बघा. इम्पॉर्टंट नाक." मग एडविनकडे निरखून बघत, "तुमचं पण. फार इम्पॉर्टंट."

इथे मला मधे बोलावंसं वाटलं, पण मला तोंड नाही. आमच्याकडे इटालियनमध्ये नाक 'इंपोर्तान्ते' म्हटलं की ते भलं मोठं, रुबाबदार. मोठं म्हणायचं नसेल तर हेच म्हणतात. पण इंग्रजीत तो शब्द गेला की बिचाऱ्या नाकाला नुसतं महत्त्व येतं.

एडविनने नाक चाचपलं. "काय सांगता! पासष्ट वर्षं याला बरोबर घेऊन हिंडतोय, याने कधी बोलून दाखवलं नाही."

"का? इंग्लंडात नाक इम्पॉर्टंट नसतं?"

"असतं ना. मंत्र्याचं असतं."

"मंत्र्याचं का?"

"त्याला तसं वाटतं म्हणून."

पाल्मिराला हे समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की सूप गार झालं.

शेवटच्या दिवशी ओंदिना जोडसूर लावत होती. एकाच स्वराच्या दोन पट्ट्या असतात, आणि त्या मुद्दाम अगदी किंचित वेगळ्या लावतात. एडविनने विचारलं, दोन्ही तंतोतंत सारख्याच का नाही लावत? ओंदिनाने सारख्या लावून दाखवल्या. सूर सपाट, मेल्यासारखा. मग एकीला दोनदा हलकेच खरवडलं. लगेच सूर थरथरला, त्याच्यात जीव आला. एडविन स्टुलावरून पुढे वाकला आणि हळूच एक शब्द बोलला. "सिग्निफिकंट." ओंदिनाचं डोकं पेटीत होतं. तिने नुसती मान हलवली. मी मात्र ऐकलं.

तो गेला. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. ओंदिनाने मला परत भात्यावर ठेवलं नाही, शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. त्या खुर्चीवर एडविन कोट टाकायचा.

जुलैच्या शेवटी पत्र आलं. पोस्टमास्तरच तो, तिकीट कसं सरळ रेषेत लावलेलं! ओंदिना आणि पाल्मिरा दोघी मला घेऊन बसल्या. पत्र लहान होतं. पेटी सुरेख वाजते आहे. गावात पुन्हा नाच झाला. आणि मग, 'ते अकरा दिवस माझ्यासाठी सिग्निफिकंट होते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा येऊ का? तुमच्या घरी जागा आहे का, ते मोकळेपणाने कळवा.'

ओंदिनाने घाईघाईने माझं पान उघडलं. पहिला अर्थ: लक्षणीय, बऱ्यापैकी. दुसरा अर्थ: आकडेशास्त्रात दखल घेण्याजोगा. त्याच्या खाली तार्चिझिओच्या मेणाचा तपकिरी थेंब, कारण 'सिग्नेचर' त्याच पानावर.

तिचा चेहरा पडला. "लक्षणीय? मी लक्षणीय? हा शब्द तर डॉक्टर वापरतो! 'बाई, तुमच्या कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय वाढ आहे.'"

"घ्या!" पाल्मिराने कपाळावर हात मारला. "अकरा दिवस माझ्या हातचं खाल्लं आणि आम्हाला रक्ततपासणीत बसवलं. अगं, इम्पॉर्टंट लिहायला काय झालं होतं याला? नाकाला चालतं, माणसाला चालत नाही?"

आमच्या भाषेत दोघांचं प्रेम खरोखरीचं असलं की त्यालाही 'इंपोर्तान्ते'च म्हणतात, हे एडविनला कुठून ठाऊक असणार. ओंदिना तो शब्द शोधत होती आणि मिळाला दुसराच.

मी आतल्या आत तडफडत होतो. अहो बायांनो, तिसरा अर्थ! थेंबाखाली तिसरा अर्थ आहे! एवढे शब्द पोटात असून एक बोलता येत नाही, यापेक्षा मोठी शिक्षा नाही. सगळा गर्व त्या दिवशी उतरला.

ओंदिना फुरंगटून बसली. आठ दिवस तिने कुणाचेच सूर धड लावले नाहीत. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी खिडकीपाशी बसून तिने उत्तर लिहायला घेतलं. 'दुरुस्तीची हमी आहे. येण्याची आवश्यकता नाही.' एवढंच. पाल्मिरा सोमवारी ते पोस्टात टाकणार होती. ते पोस्टात पडता कामा नये, असं मला वाटत होतं. कारण एडविन कसा माणूस आहे, हे मी अकरा दिवस पाहिलं होतं. नको लिहिलं तर नको, असं मानून तो मुकाट्याने घरी बसला असता. आणि ही इथे खिडकीत.

पत्र लिहून झालं, पण रागाचं समाधान झालं नव्हतं. त्याचाच शब्द त्याच्या तोंडावर मारावा म्हणून तिने स्पेलिंग बघायला मला पुन्हा उघडलं. तेवढ्यात खालून पाल्मिराने जेवायला हाक मारली आणि ओंदिना मला तसंच उघडं, खिडकीच्या कट्ट्यावर टाकून गेली.

ऑगस्टचं ऊन! एवढ्या वर्षांत मला ऊन लागलं नव्हतं. मेण मऊ पडायला लागलं. राळेचा वास सुटला. जेवून आलेल्या ओंदिनाने स्पेलिंगवर बोट ठेवलं आणि बोट चिकटलं.

कुठल्याही कारागिराला चुकीच्या जागी पडलेला मेणाचा थेंब बघवत नाही. राग बाजूला राहिला, हात आपोआप खरवडणीकडे गेला. "तार्चिझिओ, तुझीच ही घाण," ती पुटपुटली, "आयुष्यभर सांडलंस, आता सोड रे बाबा." पातळ पट्टीला लावावा तितक्या हलक्या हाताने तिने थेंब कडेने उचलला. कागद जरासुद्धा फाटला नाही. खाली छोट्या अक्षरांत मी कधीचा थांबलेलो:

तिसरा अर्थ. अर्थाने भरलेला, न बोलता पुष्कळ सांगणारा. उदाहरणार्थ, सिग्निफिकंट शांतता. किंचितसा पण सिग्निफिकंट फरक.

ओंदिनाने तीनदा वाचलं. किंचितसा फरक. मग तिला आठवलं, थरथरणाऱ्या सुरानंतर एडविन काय बोलला होता ते. तिने मला छातीशी धरलं, ती रडली, आणि रडता रडता हसायला लागली. माझी पाठ त्या दिवशी उखडली. उखडू दे!

"पाल्मिरा! वर ये! ते कोलेस्टेरॉल नव्हतं!"

पहिलं पत्र फाडलं गेलं. दुसऱ्यासाठी दोघी एकमेकींशी भांडायला लागल्या, मधे मी.

"त्याला सरळ लिही, तू मला व्हायटल आहेस," पाल्मिरा म्हणाली. भावाची बायको म्हणून तिला काही वाटेल, अशी मला भीती होती. पण घाई तिलाच जास्त.

"व्हायटल म्हणजे भाता. भात्याशिवाय पेटीत जीव नाही. मी नऊ वर्षं जगलेच की नाही?"

"मग इसेन्शियल."

"ते आवाज. ते काढले तर पेटी पेटीच राहात नाही, नुसती पेटारी. एवढं कुठे झालंय अजून!"

"मग हे काय, क्रूशियल?"

"ते मेण," ओंदिना म्हणाली. "गरम असलं की वाहून जातं, गार झालं की तडकतं. मधे दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात पट्टी बसली पाहिजे. हुकलं की हुकलं."

पाल्मिराने तिच्याकडे रोखून पाहिलं. "बाई गं, मग ते आत्ताच चाललंय! लिही लवकर!"

मी हजारो वाक्यं पोटात बाळगतो, पण इतकी चोख व्याख्या माझ्यात नाही.

ओंदिनाने लिहिलं: 'प्रिय एडविन, ते अकरा दिवस मलाही सिग्निफिकंट. दोन सूर, किंचित वेगळे. तुम्ही जागेचं विचारलंत. माझं घर इसेन्शियल आहे. ऑक्टोबरात या.'

आणि मी पुन्हा तडफडलो! आमच्या भाषेत घर 'एसेन्त्सियाले' म्हणजे साधंसुधं. एक पलंग, एक टेबल, भिंती कोऱ्या. तिला म्हणायचं होतं, ऐसपैस नाही, चालवून घ्या. पण जुळ्या दिसणाऱ्या शब्दाला कोण तपासतं? चेहरा ओळखीचा दिसला की माणसं आत घेतात. तिने मला उघडलंच नाही. सोमवारी पत्र गेलं.

एडविनचं पोस्टकार्ड आलं, त्यात एकच ओळ होती: 'घराचं समजलं. तुमचंच बरोबर आहे. येतो.'

ऑक्टोबरच्या दहा तारखेला गाडीवाल्याने दारात दोन मोठ्या ट्रंका उतरवल्या. मग अकॉर्डियन, मग छत्र्या, मग चहाची किटली, मग कुंडीतलं एक झाड आणि सगळ्यांत शेवटी एडविन. ओंदिना दारात पीठभरल्या हातांनी उभी. तिने पंधरा दिवसांसाठी एक उशी काढून ठेवली होती.

"एवढं सामान?"

"तुम्हीच लिहिलंत ना," एडविन गोंधळून म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याने तोडकीमोडकी इटालियन शिकून घेतली होती. "घर इसेन्शियल. म्हणजे घराशिवाय तुमचं चालायचं नाही. तुम्ही ते सोडून येणार नाही. मग कुणाला तरी घर सोडायला हवं. मी सोडलं."

ओंदिनाने हात पुसले. मग तिने त्याला त्या कोऱ्या भिंती दाखवल्या, तो एक पलंग, ते एक टेबल. "हे इसेन्शियल," ती म्हणाली. "एवढंच."

एडविनच्या ध्यानात आलं. तो नाकापासून कानांपर्यंत लाल झाला. "अरे देवा. एक ट्रंक परत पाठवू का?" त्याने विचारलं. "की दोन्ही?"

मेणाचे दहा सेकंद होते ते. मी खुर्चीवरून बघत होतो.

"किटली आत आणा," ओंदिना म्हणाली. "बाकीचं आपोआप येईल."

जेवणाला पाल्मिराने भरपूर थरांची लसान्या केली होती, गावाला पुरेल एवढी. कॉफीत बडीशेपेची दारू पडल्यावर तिला धीर आला. "काय हो एडविन, आता खरं सांगा. आमची ओंदिना तुम्हाला कोण? व्हायटल, इसेन्शियल, की तुमचं ते रक्ततपासणीवालं?"

एडविनने विचार केला. मग आपल्या मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला, "ओंदिना माझ्या नाकासारखी इम्पॉर्टंट. कुठेही बघितलं तरी आधी तीच दिसते."

पाल्मिरा खुर्चीवरून पडायची बाकी होती. ओंदिना हसली नाही. तिने टेबलाखालून त्याचा हात धरला, तो मला दिसला.

आता मी दुकानातल्या फळीवर असतो. भात्यांवर ठेवायला ओंदिनाने एक वीट आणलीये. माझ्या शेजारी एडविनचा कोश आहे, इटालियन-इंग्रजी, त्याच्या ट्रंकेतून आलेला. त्याचे अर्थ माझ्यापेक्षा थोडे वेगळे. सुरुवातीला आम्ही हुज्जत घालायचो, आता शेजारी टेकून बसतो. आमच्यातला फरक मिटवावा, असं दोघांनाही वाटत नाही.

तुम्हाला एकच विनवणी. कोश उघडलात तर पहिल्या अर्थावर थांबू नका, खालपर्यंत वाचा. मेण असेल तर खरवडा, पण हलक्या हाताने. आणि शब्द ओळखीचा दिसला तरी एकदा विचारून घ्या. निदान किती ट्रंका येणार, ते तरी कळेल.

बाकी मी सुखात आहे. माझ्यात 'इम्पॉर्टंट'चे तीनच अर्थ छापले होते. परवा ओंदिनाने पेन्सिलीला टोक काढलं, माझं ते पान उघडलं आणि समासात चौथा लिहिला: 'नाकासारखा. नेहमी समोर असणारा.'